सरपंचबाई मला न्यायला आल्या

ललिता ओट्यावर बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होती.

मी धापा टाकत अंगणात शिरले आणि तिथंच थिजले. पोटापुढं सूप, पाय लांब पसरलेले, नाकावर फडकं बांधलेलं. कळा नाहीत, सुईण नाही, शेजारच्या बाया गोळा झालेल्या नाहीत. कोंबड्या तेवढ्या माझ्या पायांतून पळाल्या.

"आई? तू कशी काय?"

"तुला... तुला बरं हाय ना गं?"

"मला काय झालंय?" तिनं फडकं खाली ओढलं. "आठवा लागलाय आत्ताशी. तूच म्हणालीस ना, पुढच्या महिन्यात न्यायला येते म्हणून?"

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. तिच्या पोटावर हात ठेवला. आत लेकरू ढुशा देत होतं, मजेत होतं. मला रडूही आलं आणि अंगाचा संतापही झाला.

झालं होतं असं. झुंजूमुंजू होताना एक परका माणूस मोटारसायकलवर आमच्या मळ्यात आला होता. "जांभूळवस्तीहून आलोय. तुमच्या लेकीचं अवघड झालंय. बाळ आडवं आलंय म्हणतात. लगेच निघा," म्हणाला आणि गाडी वळवून गेला. आमचे मालक तेव्हा घरी नव्हते, ते पहाटेच वाबळेअण्णांच्या वाड्यावर गेले होते. मी चुलीवरचा चहा तसाच टाकला, फाट्यापर्यंत पळत गेले, पहिली एसटी धरली. वाटेत कितीतरी देवांना काय काय बोलले असेन ते माझं मलाच ठाऊक नाही.

आणि इथं पोरगी मिरच्या खुडतेय!

मग डोक्यात उजेड पडला. आज सभा होती.

तेव्हाची ही गोष्ट सांगायची तर थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या खैरदऱ्याचं सरपंचपद त्या खेपेला बायांसाठी राखीव होतं. सरपंच झाल्या होत्या सुवार्ताबाई भिंगारदिवे. गावाच्या पश्चिमेला ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरं आहेत, त्यांचं छोटं कौलारू चर्च आहे, त्या आळीतल्या. शिवणकाम करायच्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, उंच, सावळ्या, आवाज हळू. त्यांचे मालक नगरच्या दवाखान्यात नोकरीला, म्हणून घरी त्या आणि धाकट्या दिराचं कुटुंब. त्यांना निवडून आणलं होतं गावच्या राजकारणाच्या नाड्या हातात असलेल्या वाबळेअण्णांनीच. गरीब बाई आहे, म्हणू तिथं सही करील, असा हिशेब. पण अण्णांच्या मेव्हण्याला टेकडीच्या गायरानावर खडी क्रशर टाकायचा होता आणि बाईंनी त्याला ना-हरकत दाखला दिला नाही. एकदा नाही, दोनदा नाही. तेव्हा अण्णांनी अविश्वास ठराव आणला.

आम्ही सदस्य नऊ. ठराव पास व्हायला सात हात लागत होते आणि अण्णांकडे बरोबर सात होते. त्यातला सातवा माझा. बाई खाली उतरल्या की त्यांच्या जागी मला बसवायचं ठरलं होतं. "हौसाबाई निमसे, सरपंच," अशी पाटीसुद्धा आमच्या मालकांनी मनातल्या मनात रंगवून ठेवली होती.

आणि सातवा हात इथं, लेकीच्या अंगणात. परतीची एसटी संध्याकाळी.

"ललिता, जावईबापू कुठंयत? गाडी आहे का कुणाची?"

"ते बाजारला गेलेत. वस्तीवर एकच मोटारसायकल, तीच नेलीय." तिला आता सगळं लक्षात आलं होतं. "कुणी केलं असंल गं आई?"

"दुसरं कोण करणार? ज्यांची खुर्ची जातीय त्यांनीच." माझ्या तोंडाला तेव्हा धरबंध नव्हता. "रविवारी पेटी वाजवून गाणी म्हणायची, डोळे मिटून बसायचं आणि सोमवारी दुसऱ्याच्या गरोदर लेकीच्या नावानं असलं अभद्र धाडायचं! वर येता-जाता हसून बोलायचं."

मी अंगणात फेऱ्या मारायला लागले. ओट्यापासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून ओट्यापर्यंत. पोरगी म्हणाली, "आई, बस जरा, पाणी पी." मी तांब्या तसाच ओट्यावर ठेवला आणि पुन्हा फेरी धरली. तिकडं अण्णा काय म्हणत असतील, मालक काय म्हणत असतील? ऐनवेळी बायको फुटली, असंच म्हणणार सगळे.

तेवढ्यात वस्तीच्या रस्त्यावर धुरळा उठला. एक काळीपिवळी जीप खड्ड्यांतून उसळत येत होती. ती दारातच येऊन थांबली आणि पुढच्या सीटवरून उतरल्या सुवार्ताबाई.

मला वाटलं, डोळ्यांवर अंधारी आली आहे म्हणून काहीतरी दिसतंय. मग वाटलं, ही खात्री करायला आली. मी खरंच अडकले की नाही ते डोळ्यांनी बघायला.

"या," मी म्हणाले. "बघून घ्या. बसलेय मी इथं. झालं समाधान?"

बाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्या सरळ ललिताजवळ गेल्या. "बरी आहेस ना बाळा? पायांना सूज नाही ना?" तिनं मान हलवली. बाईंनी तिचे पाय दाबून पाहिले, इतका वेळ कोंडून धरलेला मोठा श्वास सोडला आणि मग जीपकडं वळून हाक मारली, "शमू, खाली उतर."

स्टेअरिंगवर त्यांचा दीर होता, शमुवेल. अंगानं दांडगा, मिशा वळलेल्या, चर्चच्या पंचांतला एक. तो उतरेना.

"वहिनी, उशीर होतोय, चला."

"आधी उतर."

तो उतरला. मान खाली घालून जीपच्या चाकाकडं बघत राहिला.

बाई मला म्हणाल्या, "हौसाबाई, निरोप यानं धाडला. मला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं." मग त्याला म्हणाल्या, "हिच्या पोटातल्या लेकराचं नाव घेऊन तू खोटं बोललास. हिची माफी माग."

"हौसाबाईंची मागतो की."

"त्यांची नंतर. आधी हिची."

पन्नास माणसांत आवाज चढवणारा तो गडी माझ्या वीस वर्षांच्या पोरीपुढं हात जोडून उभा राहिला. "ताई, चुकलं माझं," म्हणाला. पोरगी भांबावली. तिनं पदर सावरला आणि काही सुचेना म्हणून विचारलं, "चहा टाकू का?"

"परत येईन तेव्हा," बाई म्हणाल्या. "हौसाबाई, चला. बारा वाजता सभा आहे."

"कुठं चला?"

"सभेला. तहसीलदारसाहेब वेळेवर येतात."

मी जागची हलले नाही. ही बाई मला सभेला न्यायला आली आहे, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. यात काहीतरी डाव असणार. वाटेत कुठंतरी सोडून देतील, नाहीतर चर्चमध्ये नेऊन शपथ घालतील. ललितानं मला कोपरानं ढोसलं. "जा ना आई. नाहीतर संध्याकाळपर्यंत फेऱ्याच मारशील."

मी जीपमध्ये मागं बसले. बाई पुढं बसायचं सोडून माझ्यासमोर मागच्या बाकावर आल्या.

वाट सारी घाटाची. रस्ता उखडलेला. मी लोखंडी दांडीला धरून बसले आणि वाट बघू लागले, ही आता बोलेल, आता मागेल. मत मागेल. हात जोडील, रडेल, माझ्या लेकरांची आण घालील. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. 'बाई, मी शब्द दिलाय, आता काही होणार नाही.' ते वाक्य मी मनात दहा वेळा म्हटलं.

पण बाई बोलेचनात. बाहेर बघत होत्या. मांडीवर त्यांचे हात होते आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताची बोटं सारखा चोळत होता. म्हणजे आतून त्याही माझ्यासारख्याच उकळत होत्या.

बोलला तो शमुवेल. आरशात बघून म्हणाला, "वहिनी, अजून विचार करा. मी नुसतं पंक्चर झालं म्हणतो. कुणी खोटं पाडू शकणार नाही."

"म्हण."

"म्हणू?"

"म्हण की. मी चालत जाईन. हौसाबाईसुद्धा चालतील. का हो?"

मी गडबडून "हो" म्हणाले.

"गावासाठी चाललंय हे," तो चिडला. "क्रशर आला म्हणजे पाझर तलाव गेला, खालचे मळे गेले. तुम्हीच सांगता ना? मग एवढ्या चांगल्या कामासाठी एका बाईला चार तास लेकीकडं बसवलं तर प्रभू रागावणार आहे का?"

"तू माझ्या वतीनं प्रभूशी नको बोलूस, शमू. गाडी चालव."

घाटाच्या मधल्या वळणावर जीपनं दगा दिला. बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली. शमुवेलनं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "तापली. पाणी आटलं. थंड व्हायला तास जाईल."

मी मनात म्हटलं, झालं, हाच तो डाव. बाईंचं सोंग इथवर होतं. मला इतका राग आला की मी खाली उतरून सरळ चालायलाच लागले. उन्हाचा कहर होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पन्नास पावलं गेले असेन आणि मागं वळून पाहिलं तर बाई कुठंच दिसेनात.

त्या घळीत उतरल्या होत्या. हातात जीपमधला प्लास्टिकचा कॅन. घळीच्या तळाशी डबकं होतं, तिथवर वाट अशी नव्हती, नुसते धोंडे आणि घाणेरी. पन्नाशीची बाई, साडी खोचलेली, एका हातानं झुडपं धरत उतरत होती. एकदा पाय घसरला, बसल्या, उठल्या. कॅन भरून परत वर चढल्या तेव्हा पोटरीवर ओरखडे उठले होते आणि चेहरा घामानं निथळत होता.

"ओत," त्या दिराला म्हणाल्या.

"गरम इंजिनात एकदम ओतता येत नाही वहिनी."

"मग हळूहळू ओत. ओल्या फडक्यानं पुस आधी. ते मला नको शिकवू, तुझ्या भावाची गाडी मी बारा वर्षं बघितलीय."

तो मुकाट्यानं कामाला लागला. मी परत आले. बाई दगडावर बसून पदरानं मान पुसत होत्या. माझा धीर संपला.

"बाई," मी म्हणाले, "तुम्हाला माझ्याकडून पाहिजे तरी काय?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही? मी गेले नाही तर ठराव पडतो. तुमची खुर्ची राहते. मी गेले तर मी हात वर करणार. ते तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे."

"मग?"

"मग काय? तुम्ही मळ्याच्या वॉर्डातून निवडून आलात. तुम्ही सभेत नसलात तर तो मळाच सभेत नाही. एवढंच आहे." त्या थांबल्या. "मला बोलायचा त्रास होतोय हौसाबाई, दम लागलाय."

पण मला आता थांबवत नव्हतं. पोटात जे साठलं होतं ते तोंडाशी आलं. "मळ्याचं एवढं पडलंय तर मग आमची पाण्याची लाईन पारध्यांच्या पालांकडं का वळवली? वर्ष झालं आम्ही वाट बघतोय. पाईप येऊन पडले होते आमच्या बांधावर. एका सकाळी उचलून नेले. आमच्या तोंडाला पानं पुसलीत तुम्ही. मी अण्णांकडं गेले ती त्या दिवशी गेले."

मला वाटलं आता हिशेब सांगतील, नियम सांगतील.

"पारध्यांच्या बाया कुठल्याही विहिरीवर गेल्या की लोक त्यांना दगड मारत होते," त्या म्हणाल्या. "एका पोरीचं डोकं फुटलं, टाके घालताना मी तिथं होते. तुमच्याकडं विहीर होती, म्हणून आधी तिकडं वळवली. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण तुमच्या मळ्यात येऊन तुम्हा बायांना समोर बसवून सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. मला तुमची भीती वाटली. लोक ओरडतील म्हणून तोंड लपवलं. ते माझं चुकलं."

मला भांडायचं होतं आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही. असं झालं की माणसाचा जीव अजूनच कासावीस होतो. मी उगाच पायातली चप्पल काढून झटकली, परत घातली.

"झाली गाडी," शमुवेल म्हणाला.

ग्रामपंचायतीपुढं माणसांची दाटी होती. चावडीच्या पायऱ्यांवर, समोरच्या पिंपळाखाली, पानटपरीपाशी. आमचे मालक रस्त्याच्या मध्यभागी येरझाऱ्या घालत होते. जीप दिसली, जीपमधून बाई उतरल्या आणि त्यांच्या मागून मी.

मालकांनी माझा दंड धरला. "कुठं होतीस? हिच्या गाडीतून कशी? काय कबूल करून आलीस?"

"काही नाही."

"काय मागितलं तिनं?"

"काही नाही मागितलं."

"मला येडा समजतीस काय? गाडी घेऊन एवढ्या लांब येती आणि मागत काही नाही?"

वाबळेअण्णा जवळ आले. पांढरेशुभ्र कपडे, हसरा चेहरा. ते कधी ओरडत नसत. "रंगनाथ, सोड तिला. हौसाताई शब्दाच्या पक्क्या आहेत. का ताई? पोरीबाळींची लग्नं, मळ्याची लाईन, सगळं आपल्याच हातात येणार आहे आता." आणि हळूच, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "आत गेल्यावर त्या बाईकडं बघू नका. रडगाणं लावतील."

तहसीलदार येऊन बसले होते. ठराव वाचला गेला. मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणं, एका वस्तीला झुकतं माप. क्रशरचा त्यात एक शब्द नव्हता. मग साहेब म्हणाले, "सरपंचांना काही बोलायचंय?"

बाई उठल्या. साडीचा काठ अजून ओला होता. "पारध्यांच्या वस्तीला आधी पाणी दिलं, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मळ्यातल्या बायांना विचारलं नाही, तेही खरं आहे. क्रशरला दाखला दिला नाही, ते ठरावात लिहायचं राहिलंय, ते लिहून घ्या. बाकी काही नाही." आणि बसल्या.

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं हललं.

"ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा."

एकेक हात वर गेला. सहा झाले. साहेबांनी मोजले आणि माझ्याकडं पाहिलं. खिडकीत मालकांचं तोंड दिसत होतं. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, त्यांना बघायची गरज वाटत नव्हती. मी मात्र बाईंकडं बघितलं. नको म्हटलं होतं तरी बघितलं. त्या डोळे मिटून बसल्या नव्हत्या की रडतही नव्हत्या. त्या पोटरीवरच्या ओरखड्याला रुमाल लावत होत्या.

मी हात वर केला.

खोटं कशाला सांगू? शब्द दिला होता, पाण्याचा राग होता, घरी मालक होते आणि खुर्चीही हवी होती. सगळंच होतं. हात वर गेला आणि बाहेर फटाके लागले.

बाईंनी टेबलाच्या खणातली कपाटाची किल्ली काढून साहेबांपुढं ठेवली. जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबल्या. "ललिताला कुणाकडूनतरी निरोप धाडा, सुखरूप पोचलात म्हणून. ती वाट बघत असेल," म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढत गेल्या. त्यांच्या पाठीमागं कुणीतरी शिट्टी वाजवली.

मी सरपंच झाले. हार पडले, गुलाल पडला, मळ्यात जेवण झालं. पण मला चैन म्हणून नव्हती. गुलाल धुतला तरी मानेवर काहीतरी चरचरल्यासारखं व्हायचं. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. त्या दिवसापासून एक खोडच लागली म्हणा ना. समोर माणूस आला की मी बघायचे, हा आपल्याकडं काय मागतोय. आणि गंमत अशी की जो येई तो काहीतरी मागतच येई. अण्णा, मेव्हणे, ठेकेदार, आमचे मालकसुद्धा. त्या सगळ्या गोंधळात एकाच माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि त्याच माणसाला मी खाली उतरवलं होतं.

अण्णा एका दुपारी घरीच आले. मालकांनी खुर्ची दिली, मी चहा आणला. त्यांनी खिशातून कागद काढला. ना-हरकत दाखला, टाईप करून तयार.

"इथं सही करा ताई. घरचीच गोष्ट आहे."

मी कागद घेतला. वाचता येण्यापुरती मी शिकले आहे. वाचला. टेकडी, गायरान, पाझर तलावाच्या वरची बाजू. आमचा मळा त्याच्या बरोबर खाली.

"हे ग्रामसभेपुढं ठेवते," मी म्हणाले.

मालकांच्या हातातली बशी कलंडली. "काय म्हणालीस?"

"गावाचं गायरान आहे. गावाला विचारते."

"तुला बसवलं कशाला मग?" मालक ओरडले. अण्णा ओरडले नाहीत. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "त्या दिवशी जीपमध्ये शिकवण दिलेली दिसतीय. हरकत नाही. ज्यांनी बसवलं त्यांना उठवताही येतं, ताई."

त्या दिवसापासून मालकांनी माझ्या हातचं ताट घेणं सोडलं. सुनेकडून वाढून घ्यायचे. घरात असून नसल्यासारखे वागायचे. आपण हे कशाच्या बळावर करतोय, ते माझं मलाच कळत नव्हतं.

सभेची दवंडी द्यायची होती. पंचायतीचा शिपाई नामदेव माझ्या बाजूचा. तो हळूच म्हणाला, "सरपंचबाई, अण्णांच्या आळीला दवंडी सगळ्यात शेवटी देऊ का? संध्याकाळ होईल, माणसं रानातून येईपर्यंत सभा उरकलेली असंल."

इतकं सोपं होतं.

"तिथूनच सुरू कर," मी म्हणाले. "आणि अण्णांच्या दारात दोनदा ओरड."

सभा झाली. मारुतीच्या पारावर माणूस मावेना. अण्णांची सगळी आळी आली होती. आमच्या मळ्यातल्या बाया आल्या, पोरं काखेत घेऊन. पारधी वस्तीतल्या बायाही आल्या, लांब उकिडव्या बसल्या, त्यांना पुढं बोलवावं लागलं. सुवार्ताबाई मागं त्यांच्या आळीतल्या लोकांत उभ्या होत्या. मेव्हण्यांनी रोजगार किती मिळेल ते सांगितलं, चांगलं बोलले. मग म्हातारा सखाराम धनगर उठला आणि एवढंच म्हणाला, "तलाव फुटला तर रोजगार प्यायचा का?" त्यानंतर जे हात वर झाले ते मोजायची पाळीच आली नाही.

अण्णांनी माझ्यावरही ठराव आणला, पण तेव्हा त्यांना सात हात मिळाले नाहीत. मालक मात्र ललिताच्या बाळाच्या बारशापर्यंत बोलले नाहीत. पाळण्याशी उभे असताना पहिल्यांदा म्हणाले, "तुझ्यावर गेलंय कार्टं. सारखं वळवळतंय." तेवढ्यानंच मला भरून आलं.

त्या ग्रामसभेनंतरच्या रविवारी मी चर्चच्या बाहेर जाऊन उभी राहिले. आत गाणं चालू होतं, पेटी सुरात नव्हती. लोक बाहेर पडले, मला बघून थोडे दचकले, सलाम करून गेले. बाई शेवटी आल्या.

"काय झालं हौसाबाई?"

"एक विचारायचंय. त्या दिवशी मला आणायला का आलात? खरं सांगा. वॉर्ड आणि मळा ते सगळं ऐकलंय मी."

बाई पायरीवर बसल्या. मला शेजारी बसायला हातानं खूण केली.

"शमूनं सकाळी सांगितलं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला आनंद झाला. तुम्हाला वाटलं असेल मी लगेच चिडले. नाही. आनंद झाला. मी त्याला दुसरा कप चहा ओतला. वर खारी पण दिली." त्या हसल्या नाहीत. "मग रोजच्यासारखी प्रार्थनेला बसले आणि तोंडातून शब्द निघेना. गावासाठी मागू लागले तर तुम्ही दिसायच्या, एसटीत बसलेल्या, पोरीच्या नावानं देवाला विनवणाऱ्या. पुन्हा सुरू करायची, पुन्हा तेच. मग उठले आणि चप्पल घातली. तुमच्यासाठी नाही आले मी. मला परत बोलता यावं म्हणून आले."

"आणि मी हात वर केला तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"राग आला?"

"आला तर. सोन्यासारखी माणसं असतात त्यांना येत नसेल. मला आला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आठ दिवस होता. तुमचा ब्लाऊज पडला होता माझ्याकडं शिवायला, हिरवा, आठवतो? मशीनवर घ्यायचे आणि बाजूला टाकायचे. दुसऱ्यांचे चार शिवून झाले, तो तसाच."

"मग आता?"

"शिवलाय. चला, घेऊन जा. पण बाही जरा घट्ट झाली असेल." त्या उठल्या, चर्चच्या दाराला कडी घातली. "कापला तेव्हा रागात होते."

त्यांच्या घरी आतल्या खोलीत जाऊन मी तो घालून पाहिला. बाही दंडात चांगलीच काचत होती. बाहेरून बाईंनी विचारलं, "बसतो का?"

"बसतो," मी म्हणाले आणि तसाच घालून घरी आले.